निळ्यावरची अक्षरं

गव्हाणला उन्हाची कधी ददात नाही. उलव्याच्या अंगाने इमारती चढत गेल्या, तरी माघ सरला की गच्चीवरचं ऊन चांगलंच करकरतं. सायनोटाइपला भांडवल लागतं ते एवढंच: कागद, दोन रसायनं, ऊन आणि बादलीभर पाणी. लेप दिलेल्या कागदावर खाडीकडच्या तिवराची डहाळी ठेवायची, वर काच दाबायची. हिरवट पिवळा कागद उन्हात निळसर होतो, मग राखाडी. धुतला की पानं पांढरी, भोवती गर्द निळाई.

लेप मात्र आडोशाला, पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात द्यायचा. हात ओले, पुस्तक हातभर दूर. पुस्तकाची खरी परीक्षा तिथे होते. या विषयावरची हल्लीची पुस्तकं देखणी असतात: सबंध पान निळं, त्यावर नाजूक पांढरी अक्षरं. दुकानात मोह पडतो, बल्बखाली डोळे शिणतात. छापताना असं गडद निळं बहुधा एकाहून अधिक शाया एकावर एक चढवून साधतात. एखादी केसभर सरकली, की पांढऱ्या अक्षराची कड रंगते. शाई पसरली की आधी अनुस्वार बुजतो, मग 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ. १ आणि ९ सख्खे भाऊ दिसू लागतात.

कवितेत हे खपून जाईल, कृतीत नाही. रूढ कृतीत १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि दोन्ही द्रावणं समप्रमाणात. आता 'फेरि' आणि 'फेरो' शेजारी लिहून पाहा. एकात वेलांटीचा दांडा 'र'च्या अलीकडे, दुसऱ्यात मात्रा घेतलेला काना पलीकडे. फेरोसायनाइड घातलं, तर ऊन लागायच्या आधीच वाडग्यात सगळं निळं होतं.

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सबाईंनी ब्रिटनमधल्या समुद्रशैवालांचं पुस्तक त्याच पद्धतीने काढायला घेतलं. त्यात खिळेही नाहीत आणि छापखान्याची शाईही नाही. मजकूर त्यांच्या हस्ताक्षरातला, उन्हानेच उमटवलेला. तिथेही अक्षरं निळ्यावर पांढरी आहेत. पण तो पांढरा म्हणजे ऊन न लागलेला कोरा कागद. शाई पसरून तो बुजण्याची भीतीच नव्हती. आपण त्यांचं रूप तेवढं उचललं.

आपल्या लिपीला तर वर मात्रा-रफारासाठी, खाली उकारासाठी जागा लागते. रोमनच्या मापाने ओळी आवळून चालत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसाठी राणोजी रावजी आरूंनी जे खिळे घडवले, ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांची कदर करणारे होते. त्या छापखान्याची अक्षरं नावाजली गेली ती उगीच नव्हे.

मराठीत असं पुस्तक काढणाऱ्यांना एवढंच सांगणं: चित्रं हवी तितकी निळी छापा. कृती मात्र पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत आणि ओळी मोकळ्या सोडून द्या. आणि प्रुफं पिवळ्या बल्बखाली, हातभर अंतरावरून तपासा.