स्नोई पर्वतांत चाकांवरच्या घरानिशी

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढे तांबडे वाळवंट, उड्या मारणारे कांगारू आणि क्रिकेटचे मैदान एवढेच उभे राहते. त्या खंडाच्या आग्नेय कोपऱ्यात वर्षातील काही महिने बर्फाखाली दडून राहणारा डोंगराळ मुलूख आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन प्रांतांच्या सरहद्दीवर तो पसरलेला आहे. त्यातील सर्वांत उंच शिखर कॉझियस्को. त्याची उंची २,२२८ मीटर. हिमालयाच्या मानाने ही उंची नगण्य खरी. पण आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती अगदीच सामान्य नव्हे असे दिसून येईल.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडील जानेवारीच्या अखेरीस, या मुलखाचा प्रवास करण्याचा योग आला. मेलबर्नला आमचा पुतण्या नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. तो, सूनबाई, त्यांची दोन मुले, आम्ही उभयता आणि आमच्या वहिनी अशी सात माणसांची पंगत त्याच्या मोटारीत आणि मागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये निघाली. वहिनींनी नुकतीच बहात्तरी ओलांडली आहे. एवढ्या दूर चाकांवरच्या घरात राहणे त्यांस मानवेल की नाही, याची आम्हांस काळजी होती. ती व्यर्थ ठरली.

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीने ओढावयाची एक सुटसुटीत खोली. तीत निजावयाचे बाक, गॅसची शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी आणि भांड्यांची फळी असते. सामान कसे भरावे याचे मात्र शास्त्र आहे. जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि खाली ठेवाव्या लागतात. सगळा भार मागे गेला तर वेगात असताना खोली शेपटीसारखी हेलकावू लागते आणि मोटारीसही घेऊन जाते. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर विसंबून चालत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाकडूनच वेग रोखावा लागतो. तेथे वाहने आपल्याप्रमाणे डाव्या बाजूने चालतात, एवढी एक सोय.

मुक्कामाच्या जागी वीज आणि पाणी मिळते. शौचाचे पात्र मात्र आपले आपण उचलून ठराविक ठिकाणी रिकामे करावे आणि धुऊन आणावे लागते. शेजारच्या मुक्कामावर एक निवृत्त शल्यवैद्य रोज सकाळी हे काम मुकाट्याने करीत. आम्ही आणि पुतण्या यांनी पाळी लावून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या जे काम दुसऱ्याच्या माथी मारून आम्ही सोवळे राहिलो, ते स्वतः करू लागल्यावर मनातील पुष्कळ गोष्टी जागच्या जागी येतात, एवढेच येथे नमूद करतो.

पहिला मोठा मुक्काम व्हिक्टोरियातील ब्राइट या टुमदार गावी झाला. तेथे कॅरॅव्हॅन ठेवून आम्ही केवळ मोटारीने माउंट हॉथमला गेलो. हॅरिएटव्हिल सोडल्यावर जो घाट लागतो, तो ओझे ओढीत चढण्याजोगा आहे असे आम्हांस वाटले नाही. वळणामागून वळणे घेत रस्ता डोंगराच्या कण्यावर येतो आणि दोन्ही बाजूंस निळसर डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसू लागतात.

परंतु त्या दृश्यात एक विषण्णता आहे. मैलोगणती उतारांवर पांढरी फटफटीत, निष्पर्ण खोडे उभी आहेत. २००३ साली या भागात जो वणवा पेटला, त्याने एकट्या व्हिक्टोरियात दहा लाख हेक्टरांहून अधिक मुलूख जाळला. पुढे २००६-०७ आणि २०१९-२० साली पुन्हा आगी लागल्या. येथील वृक्षांचे दोन स्वभाव आहेत. अगदी वरच्या भागातील ‘स्नो गम’ जळला तरी त्याच्या बुंध्याशी जमिनीत असलेल्या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. त्याच्या खालच्या पट्ट्यातील उंच, सरळसोट ‘अल्पाइन ॲश’ मात्र आगीत मरतो आणि केवळ बियांतून नवा जन्म घेतो. या रोपांस पुरेसे बी धरण्यास सुमारे वीस वर्षे लागतात. त्याच्या आत दुसरा वणवा आला तर रोपे मरतात आणि बीही उरत नाही. अरण्याचा वंशच खुंटतो. म्हणून हेलिकॉप्टरमधून बी पेरण्याची पाळी तेथील वनखात्यावर आली आहे.

हॉथमच्या परिसरात आणखी एक चमत्कार आहे. अवघ्या चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वजनाचा, उंदराएवढा ‘पिग्मी पॉसम’ येथील शिळांच्या कपारींत राहतो. विद्वानांस तो १८९५ साली जीवाश्मांवरून ठाऊक झाला, आणि तो नामशेष झाला असेच सर्वांनी धरले. १९६६ साली याच डोंगरावरील बर्फावर घसरत खेळणाऱ्यांच्या झोपडीत तो जिवंत सापडला! पुढे असे आढळले की, माद्या वरच्या शिळांत आणि नर खालच्या बाजूस राहतात, आणि मधून गेलेल्या रस्त्यामुळे त्यांची गाठ पडणे दुरापास्त झाले आहे. तेव्हा १९८० नंतरच्या दशकात रस्त्याखालून दगडगोटे भरलेले एक भुयार बांधण्यात आले. लोकांनी त्यास ‘प्रेमाचे भुयार’ असे नाव दिले आहे. मुलांस ही गोष्ट इतकी आवडली की पुढे प्रत्येक मोरीपाशी तीच चौकशी सुरू झाली.

या पॉसमचे वसंतातील मुख्य अन्न म्हणजे ‘बोगाँग’ नावाचे पतंग. सपाटीवरील उन्हाळा टाळण्यासाठी ते हजार किलोमीटरपर्यंत उडत येऊन या शिखरांच्या गुहांत निद्रिस्त होतात. ते रात्री आकाशातील ताऱ्यांवरून दिशा ओळखतात, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून समजते. न्गारिगो आणि भोवतालचे इतर मूळ रहिवासी हजारो वर्षे उन्हाळ्यात या डोंगरांवर एकत्र येत, पतंग भाजून खात, सोयरिकी जुळवीत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरे चारण्यास मुलूख घेतल्यावर ते मेळे मोडले. अलीकडे पतंगांवरही संकट आले. २०१७ पासूनच्या अवर्षणात त्यांची संख्या कोसळली.

पुढे आम्ही ट्युमटवरून स्नोई माउंटन्स हायवेने कॉझियस्को राष्ट्रीय उद्यानात शिरलो. हे उद्यान सुमारे ६,९०० चौरस किलोमीटरांचे आहे. वाटेत यारांगोबिलीच्या चुनखडीच्या गुहा आणि तेथील कोमट पाण्याचे कुंड पाहिले. वहिनींनी पाय बुडवून ‘गंगे च यमुने’ म्हटले, तेव्हा काठावरील मंडळी कौतुकाने पाहू लागली. पुढे कियान्द्रा येथे १८५९ साली सोने सापडले आणि हजारो माणसे लोटली. दोन वर्षांत ती पांगलीही. मागे राहिलेले जुने न्यायालय जानेवारी २०२० च्या वणव्यात जळाले. आता तेथे गवत आहे आणि वारा आहे.

यानंतर ॲडॅमिनाबी लागले. या गावाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. स्नोई नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवावे, त्यावर वीज करावी आणि कोरड्या मुलखास पाणी द्यावे, अशी प्रचंड योजना १९४९ साली सुरू होऊन १९७४ साली पुरी झाली. तीस-एक देशांतून आलेल्या एक लाखावर माणसांनी तेथे काम केले. १२१ जणांनी प्राण गमावले. सोळा मोठी धरणे आणि १४५ किलोमीटर बोगदे झाले. त्यातील सर्वांत मोठा जलाशय युकम्बीन. सिडनी बंदरातील पाण्याच्या सुमारे नऊपट पाणी त्यात मावते. याच पाण्याखाली जुने ॲडॅमिनाबी जाणार होते. तेव्हा १९५६-५७ साली शंभरावर इमारती, त्यात चर्चसुद्धा, उचलून मोठ्या मोटारींवर ठेवल्या आणि काही किलोमीटरांवर नव्या जागी नेऊन बसविल्या. खरीखुरी चाकांवरची घरे ती! सर्वच काही गेले असे नव्हे. २००७ च्या अवर्षणात पाणी ओसरले, तेव्हा मागे उरलेल्या गावाचे अवशेष उघडे पडले होते.

जलाशयाच्या काठी पुतण्याने ही हकीकत सांगितली. वहिनी बराच वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातील. धरणाच्या पाण्याने त्यांचे गाव घेतले, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्या गावाविषयी त्या घरात सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, “यांची घरे तरी गाडीवर घालून नेली. आम्ही तुळशीवृंदावनाची माती तेवढी पदरात बांधून निघालो.”

त्यावर कोणासही उत्तर सुचले नाही. कोयनेच्या विजेवर आमची घरे उजळली, आमचे कारखाने चालले. आणि ज्यांनी गावे सोडली त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशके भिजत पडले. अर्थात ॲडॅमिनाबीच्या लोकांसही सर्व गोड लागले असे नव्हे. घर उचलता येते, पण नदीकाठ आणि कुरण उचलून नेता येत नाही. आणि त्यांच्याही आधी ज्यांची ती भूमी होती, त्यांच्यासाठी कोणी मोटारी आणल्या नव्हत्या. स्वतः स्नोई नदीसही किंमत द्यावी लागली. जिंडाबाइनपाशी तिच्या उगमाकडील पाण्याचा सुमारे ९९ टक्के भाग वळविल्यामुळे खाली ती ओढ्यासारखी झाली. लोकांनी चळवळ केल्यावर २००२ पासून काही पाणी तिच्या पात्रात पुन्हा सोडले जाऊ लागले.

शेवटचा मुक्काम जिंडाबाइनला पडला. तेथून थ्रेडबो हे बर्फावरील खेळांचे गाव जवळ आहे. ३० जुलै १९९७ च्या रात्री तेथे रस्त्याचा भराव खचून दोन इमारती गाडल्या गेल्या आणि अठरा माणसे मेली. एक मनुष्य सुमारे ६५ तासांनी जिवंत निघाला. तेथून तारेवरच्या पाळण्यातून वर गेले म्हणजे शिखरापर्यंत जाऊन येऊन १३ किलोमीटरांची पायवाट आहे. नाजूक वनस्पती तुडवल्या जाऊ नयेत म्हणून तीवर बराच भाग लोखंडी जाळी घातली आहे. दोन्ही बाजूंस पांढऱ्या-पिवळ्या रानफुलांचा गालिचा पसरला होता. वहिनी दोन किलोमीटरांवरील सज्जापर्यंत आल्या आणि सूनबाईसह तेथेच बसल्या; आम्ही उरलेले शिखरावर गेलो. १८४० साली स्त्रेलेत्स्की नावाच्या पोलिश प्रवाशाने आपल्या देशाच्या स्वातंत्र्यवीराचे नाव या शिखरास दिले. परक्या भूमीवर आपल्या माणसाचे नाव ठेवावे, हीदेखील घराची ओढच म्हणावयाची.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी थोड्या गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लोणची, मसाले, पापड काही नेल्यास उतरताना जकातीच्या कागदावर प्रामाणिकपणे लिहावे. लपविल्यास जबर दंड होतो. संध्याकाळी वाहन हाकू नये, कारण कांगारू आणि वॉम्बॅट त्याच वेळी रस्त्यावर येतात. ज्या दिवशी आगीची मनाई जाहीर होईल, त्या दिवशी उघड्यावर काडीसुद्धा ओढू नये. दिवसाचा पल्ला लहान ठेवावा, आणि घरातील वृद्ध माणसास अवश्य बरोबर न्यावे. डोंगर आणि पाणी कोणासही दिसते. पाण्याखाली काय आहे ते पाहण्यास तशीच दृष्टी लागते, आणि ती बहुधा त्यांच्याचपाशी असते.