बिननक्षीची अक्षरं

बापाला वाचता आलेली पहिली अक्षरं स्टेशनावरची. पिवळ्या पाटीवर काळी, जाड, सरळसोट. कोपरगाव. तिथं हमाली करताना ही पाच अक्षरं त्यानं नुसत्या डोळ्यांनी गिरवली. बाकीची पुढं रात्रीच्या वर्गात शिकला.

मी साखर कारखान्यात गव्हाणीवर. गेल्या १४ एप्रिलला माझी पहिली कविता पत्रकावर छापली. डीटीपीवाल्यानं विचारलं, फॉन्ट कुठला? मी लग्नपत्रिकेवरचा निवडला. वळणावळणाचा, शेपट्यांचा. वाटलं, आपली कविताही जरा खानदानी दिसावी.

रात्री बापाच्या हातात पत्रक दिलं. तो दिव्याखाली धरून बघत राहिला. मग म्हणाला, "मला न्हाई लागत रं हे. तूच वाच."

कविता त्याच्यावरच होती. माझी मलाच लाज वाटली.

मग अक्षरांच्या मागं लागलो. रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक नखं असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ती छाटलेला ठसा लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा यानं १८१६ साली दाखवला. अशा अक्षरांना पुढं नाव पडलं ग्रोटेस्क. म्हणजे विचित्र, बेढब. वाचून हसू आलं. साध्याला बेढब म्हणायची रीत आपल्याला काय नवी आहे?

पण गर्दीला रस्ता दाखवायची वेळ आली तेव्हा हीच बेढब अक्षरं कामाला आली. एडवर्ड जॉन्स्टननं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेली बिननखांची अक्षरं १९१६ साली वापरात आली. त्याच साली बाबासाहेब शिकायला लंडनला पोचले होते. त्यांनी ती अक्षरं पाहिली का, ठाऊक नाही. मला आपलं वाटतं, पाहिली असावीत.

आपल्या नागरीला नखं नाहीत. बोरूच्या तिरक्या टोकाचा जाडबारीकपणा मात्र आहे. तोही जवळजवळ काढून एकसारख्या रेघेचा 'मुक्ता' नावाचा फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी केला. फुकट मिळतो. नावच बघा ना, मुक्ता.

त्यात पत्रक पुन्हा काढलं. बापानं ओळीखाली बोट धरलं. एकेक शब्द जोडत निम्म्यापर्यंत आला. थांबला.

"हे चुकलं," म्हणाला. "पोतं खांद्यावर न्हाई घ्यायचो मी. पाठीवर घ्यायचो."

आजवर माझ्या कवितेला कुणी एवढं नीट वाचलं नव्हतं. मी पेन घेतला. ओळ दुरुस्त केली.