काढेल व्हती

सचिन हे गावाचंही नाव आहे, असं हॉस्टेलवर सांगितलं की समोरचा हमखास हसतो. पण आहे. पश्चिम रेल्वेने नवसारी, मरोली मागे पडलं की सुरतच्या जरा अलीकडे सचिन स्टेशन लागतं. एके काळी हे छोटंसं संस्थान होतं. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाने तिथल्या गादीवरचा हक्क सोडला आणि 1791 मध्ये त्याला हा मुलूख मिळाला. म्हणजे आपल्या किनाऱ्याशी सचिनचं नातं जुनंच. आज तिथे जीआयडीसी आहे. लूमची खाती, डाइंग मिल, रसायनांचे कारखाने, आणि त्यांत राबणारी खानदेशातली, ओडिशातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली माणसं.

माझी मावशी तिथे राहते. 2024 च्या मे महिन्यात मी वसईहून तिच्याकडे गेले, ती खरं तर आंबे खायला आणि झोपा काढायला. मावशीची मुलगी, माझी ताई, मुंबईत लॉ करते. पाच वर्षांच्या कोर्सला बार कौन्सिलच्या नियमाने किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. तिच्या वर्गातली मुलं हायकोर्टात, मोठ्या फर्ममध्ये, काही दिल्लीला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात जायची खटपट करत होती. ताईने सुरतच्या एका वकीलबाईंकडे काम घेतलं होतं. घरी विचारलं की ती ऐटीत सांगायची, "ह्यूमन राइट्स लिटिगेशन." पहिल्या आठवड्यात तिने झेरॉक्स काढल्या आणि फायलींच्या पानांवर नंबर घातले.

मी तिला खूप चिडवलं. माझ्या डोक्यात मानवी हक्क म्हणजे 1985 चा ऑल्गा टेलिस खटला होता. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी एक पत्रकार कोर्टात गेली आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. किंवा मग फादर स्टॅन स्वामी. 5 जुलै 2021 ला ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गेले. जामिनाचा अर्ज हायकोर्टात होता, निकाल व्हायचा होता. आमच्या पॅरिशमध्ये त्या संध्याकाळी लोक रडले होते. ताई म्हणाली, "फादरांच्या केसमध्ये स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून अर्ज करावा लागला होता. हात थरथरायचे म्हणून. तो अर्जही कोणीतरी टाइप केला असेल ना? कोणीतरी पानांना नंबर घातले असतील."

मी गप्प बसले.

दुसऱ्या आठवड्यात तिलाच माझी गरज पडली. एका लूम कामगाराचा जबाब घ्यायचा होता. माणूस नंदुरबार जिल्ह्यातला. ताई इंग्रजी माध्यमाची, घरात आमची कुपारी बोलणारी. देवनागरी लिहिताना तिची तारांबळ उडते. माझी रूममेट धुळ्याची, त्यामुळे मला अहिराणी बऱ्यापैकी कळते. ठरलं असं की मी मराठीत लिहून घ्यायचं, मग इंग्रजी करून द्यायचं, आणि त्यावरून ऑफिसमध्ये गुजराती अर्ज तयार होणार. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून माझी कॉलर ताठ झाली होती, हे कबूल करते.

कनकपूरमधली दहा बाय दहाची खोली. भाऊ चाळिशीचे असतील. उजव्या हाताची दोन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली होती. खातं छोटं, कागदावर दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय नाही. मस्टरवर नाव नाही, पगाराची स्लिप नाही. पगार मीटरवर, रोख. शेठचं म्हणणं, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता.

भाऊ शांतपणे सांगत होते, मी भराभर लिहीत होते. अपघाताबद्दल ते म्हणाले, "जाळी काढेल व्हती. हात गया."

रात्री मी इंग्रजी केलं. वाक्य झालं, 'त्याने जाळी काढली होती आणि त्याचा हात आत गेला.' वाचायला सुटसुटीत वाटलं. मी खूशही होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. आवाज न चढवता विचारलं, "हे तो म्हणाला, की तू म्हणालीस?"

मग त्यांनी 1923 चा भरपाईचा कायदा उघडून दाखवला. तेव्हा तोच लागू होता. त्यात लिहिलंय की कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तरच हा बचाव चालत नाही. दोन बोटं गेली तर तो चालतो. भाऊंच्या वाक्यात जाळी कोणी काढली ते नव्हतंच. कर्ता नव्हता. तो मी घातला होता, वाक्य नीट दिसावं म्हणून.

तीन वर्षं वर्गात आपण कर्तरी-कर्मणि शिकतो आणि मार्कांपुरतं विसरतो. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. माझ्या एका क्रियापदाने शेठचं काम झालं असतं.

संध्याकाळी पुन्हा गेलो. रस्त्यात ताई म्हणाली, "विचारायचं, सुचवायचं नाही." मी विचारलं, "भाऊ, जाळी कोणी काढली होती?" त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय लिहिलं तर बरं पडेल, ताई?"

उत्तर मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर काम सोपं झालं असतं. ताई म्हणाली, "भाऊ, झालं तसं सांगा."

मग त्यांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी ते त्या मशीनवर आले तेव्हाच जाळी भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. एकदा विचारलं तर, पट्टा उतरला की जाळी काढण्यात वेळ जातो, मीटर कमी पडतं, असं उत्तर मिळालं. थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "पण मग मीही कधी बसवली नाही." मी तेही लिहिलं. हात जड झाला होता. वकीलबाईंनी ते वाक्य तसंच ठेवलं. "उलटतपासणीत येणारच आहे. आपण आधी सांगितलेलं बरं."

निघताना भाऊंनी विचारलं, "ही वही लागेल का?" खिशातली छोटी वही होती. रोज किती मीटर विणलं, कोणत्या तारखेला किती उचल घेतली, सगळं मराठीत. आणि उचलीच्या काही आकड्यांपुढे दुसऱ्याच्या हातच्या गुजराती सह्या. ताईने ती वही दोन्ही हातांनी घेतली. तिच्या झेरॉक्स मी काढल्या, पानांना नंबरही मीच घातले.

सचिनमध्ये 6 जानेवारी 2022 च्या पहाटेबद्दल अजून बोलतात. टँकरमधून बेकायदा रसायन सोडलं गेलं, त्याच्या वायूने सहा कामगार गेले, वीसहून जास्त आजारी पडले. तेव्हा देशभर बातमी झाली आणि राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. दोन बोटांची कुठे बातमी होत नाही. त्यांच्यासाठी कोणाला तरी त्या खोलीत जाऊन बसावं लागतं.

अर्जावर सही करताना भाऊंनी डाव्या हातात पेन धरलं. सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही, म्हणून वकीलबाईंनी वेगळं प्रतिज्ञापत्र केलं. मुलाच्या शाळेच्या वहीत महिनाभर सराव केला होता, असं भाऊ म्हणाले. अक्षर तिसरीतल्या पोरासारखं आलं. त्यांनी ते जरा लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल ना?"

मी परत आले तेव्हा पहिली तारीख लागायची होती. त्यानंतर ताई फोनवर दर वेळी एकच सांगते, "पुढची तारीख पडली."

आपल्या मंडळात लॉला जाणारी दोघं-तिघं आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक माहिती. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे, त्याची हेल्पलाइन 15100. आणि जे माझ्यासारखे नुसतेच साहित्यवाले आहेत, त्यांनी असं समजू नये की तिथे आपलं काही काम नाही. फक्त समोरच्याच्या वाक्यात जो कर्ता नाही, तो आपल्या मनाने घालू नका. आधी त्याला विचारा.