नॉन-बीटीचं पान

जालन्यातल्या बियाणे-धंद्याचा पाया बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढून घातला. त्याच धंद्यावर आमची तपासणीची प्रयोगशाळा चालते. कपाशीच्या पानात बीटीचं प्रथिन, क्राय१एसी, आहे की नाही हे मी सांगतो. ट्यूबच्या झाकणात पान दाबून चकती काढायची, बफर घालून प्लास्टिकच्या दांडीनं चेचायची आणि पट्टी उभी करायची. पाच-दहा मिनिटांत हिरवट पाणी वर चढतं, लाल रेघा उमटतात: वरची कंट्रोलची, खालची प्रथिनाची.

वरची रेघ दिसली की नमुना आणणारा खूश. "पट्टी चांगलीय!" अहो, ती रेघ एवढंच सांगते, की पाणी वरपर्यंत पोचलं. पट्टीतली अँटिबॉडी नेमकं क्राय१एसीच धरते की भलत्यालाच चिकटते, हे कळायला ते प्रथिन मुळातच नसलेलं पान लागतं. म्हणून आधी नॉन-बीटीचं पान लावायचं. त्याची आम्हाला कधी ददात नव्हती. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटात १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायचीच. बरेच शेतकरी ती पेरत नसत. आम्हाला मात्र ती मोलाची.

मेंदूवर काम करणारेही पेशींतली रिसेप्टर-प्रथिनं अँटिबॉडी लावून, रंग कुठं येतो ते बघूनच शोधतात. पण त्यांना अशी पुडी कुठून मिळणार? त्यांना एखाद्या रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेला, म्हणजे नॉकआउट, उंदीर लागतो. कित्येकांनी त्याच्यावाचूनच रिसेप्टरांचे नकाशे काढले. २००७ साली निकोटिनिक रिसेप्टरांच्या विकत मिळणाऱ्या अँटिबॉडी नॉकआउट उंदरांवर लावून पाहिल्या, तर रिसेप्टर नसलेल्या मेंदूतही तसाच रंग! २००९ मध्ये अ‍ॅड्रेनर्जिक आणि मस्करिनिक रिसेप्टरांचीही हीच रड निघाली.

आमचं काम सोपं, हे कबूल. क्राय१एसी जिवाणूचं, कपाशीत त्याचं सोयरं कोणी नाही, आणि पान चेचलं की ते पाण्यात उतरतं. रिसेप्टर मोजके, पेशीच्या पडद्यात रुतलेले, वर भावंडं एका तोंडवळ्याची. त्यात अँटिबॉडी बहुधा त्यांच्या इवल्याशा तुकड्यावर तयार केलेली. तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असला की ती तिथंही बसते. आमच्याकडेही क्राय१एबी आणि क्राय१एसी यांत पट्टीला फरक करता येत नाही. पण कित्येक किटांवर दोन्ही नावं छापलेली असतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

मेंदूचं रंगीत छायाचित्र दाखवून कुणी अमुक रिसेप्टर तमुक पेशीत सापडल्याचं सांगितलं, तर शेजारी नॉकआउट उंदराचं छायाचित्र आहे का, ते बघा. नसेल, तर विश्वास उधार ठेवा.