मुंगळा नव्हे!

गिरसप्प्याचा धबधबा पाहण्यास गेलो असता पायवाटेवर एक लांबट मुंगी दिसली. 'मुंगळाच तो!' म्हणून आम्ही पाय उचलला; तोच तिने टपोऱ्या डोळ्यांनी आम्हांकडे पाहिले आणि टुणकन उडी घेतली. विळ्यासारख्या लांब जबड्यांवरून ती 'हार्पेग्नॅथॉस' ठरली. हे नाव जर्डनसाहेबांनी १८५१ साली दिलेले. भक्ष्यही ती उडी घालूनच धरते. राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी झुंजतात. जिंकतात त्या अंडी घालू लागतात, पण त्यांचा मेंदू आकसतो. पुन्हा कामकरी झाल्यास तो वाढतो, हे २०२१ साली सिद्ध झाले. एवढा संसार आम्ही एका शब्दात निकालात काढीत होतो! पाय वेळीच मागे घेतला, एवढेच आमचे शहाणपण.