पंधरा किलोंची बॅग

दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपला जायचं ठरलं. तिथे जायला आपल्या देशातल्या माणसालाही परवाना लागतो. अर्ज, फोटो, पोलिसांचा दाखला, सगळं यजमानांनी केलं. बॅगा भरायचं काम माझ्याकडे आलं. कोचीहून अगत्तीला जाणारं विमान लहान असतं. आमच्या तिकिटावर माणशी पंधरा किलो सामान लिहिलं होतं. मी घरात वजनाचा हुक आणून दाराला टांगला.

पहिली बॅग अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी भरली. लोणचं, चकल्या, खजूर, डब्यात सुके बोंबील. कुठेही निघालो की आमच्या घरी हे असंच. परक्या गावात काय मिळेल, हलाल असेल का, या काळजीचंच वजन चार-पाच किलो भरतं. या वेळी मी म्हटलं, "अम्मा, तिथली वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानच आहे. आणि ती माणसं कुपा, म्हणजे ट्यूना, उकडून, धुरावून, वाळवून वर्षभर खातात. त्यांच्याकडे आपण बोंबील न्यायचे?" बोंबील बाहेर आले. लोणचं राहिलं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मुलाने शंख-प्रवाळ आणायला रिकामा डबा ठेवला होता. प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे हे सांगून तोही काढला.

मग मुलीने माझी बॅग उघडली. "अम्मी, पाण्यात तू काय घालणार?"

मी एक जुना सुती सलवार-कमीज दाखवला. तिने तो बादलीत बुडवला आणि तसाच निथळता हुकाला लावला. कोरडा सातशे ग्रॅम, ओला दोन किलो तीनशे. पाण्याच्या आत हे वजन एवढं जाणवत नाही, एवढं विज्ञान मलाही माहीत आहे. पण सलवार पायांना गुंडाळते, ओढणी हातात अडकते, आणि बाहेर यायला लागलं की सगळा भार अंगावर येतो. "हे घालून तू बुडशील," ती म्हणाली.

मी गप्प झाले. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. माझे भाऊ सहाव्या-सातव्या वर्षी पोहायला लागले. आम्ही मुली घोटाभर पाण्यात उभ्या राहायचो, ओल्या सलवारी पिळायचो आणि घरी जायचो. कुणी मनाई केली असंही आठवत नाही. शिकवलंच नाही. मी आठवीत असताना आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी होडी कलंडून गेली. काठ तीस पावलांवर होता. होडीतले सगळे पुरुष पोहून बाहेर आले. त्यानंतरही आम्हा मुलींना पोहायला शिकवावं असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. उलट घोटाभर पाणीही बंद झालं.

माझी मुलगी शहरातल्या तलावावर महिलांच्या वेळेत शिकली. तिच्याकडे अंगभर, डोकं झाकणारा पोहण्याचा पोशाख आहे. तसाच एक माझ्यासाठी मागवूया, असं ती म्हणाली. मी अम्मांकडे पाहिलं. अम्मा चष्मा लावून मुलीचा पोशाख उलटसुलट बघत होत्या.

"बाही पुरी आहे. पायही पुरे आहेत," त्या म्हणाल्या. "मग काय विचारतेस माझ्याकडे बघून?"

पोशाख आला, चारशे ग्रॅमचा. प्रवाळाने पाय कापतात म्हणून रबरी बूट घेतले. जानमाज हातातल्या पिशवीत गेली. बॅग चौदा किलो आठशेवर थांबली.

अगत्तीला प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी शांत आणि उथळ असतं. पहिल्या दिवशी मी कमरेपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी मुलीने माझ्या पाठीखाली दोन्ही हात धरले. "पाय उचल," ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा उचलले.

पोहायला अजून येत नाही. जानेवारीपासून तलावावर महिलांच्या वेळेत नाव घातलं आहे. लोणच्याची बरणी तशीच भरलेली परत आली.