दोन ओळींचा दाखला

धाकट्याला कॅनडात कुशल कामगार म्हणून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा होता. एक्स्प्रेस एंट्रीचे बोलावणे आले, की कागदपत्रे जोडायला मुदत अवघी ६० दिवस. पदवीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा झाली होती; पोलिसांचा दाखलाही मिळाला. घोडे अडले जुन्या नोकरीच्या पत्रापाशी. त्यात एवढेच होते, 'काम समाधानकारक.' तिकडे हवे होते हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, तारखा. मालकाच्या दारी पाच खेपा घातल्या, तेव्हा मुदतीला आठवडा उरला असताना पत्र हाती आले.

एस.टी.त बसलो आणि मंडळी, मला माझेच टेबल आठवले. आमच्या रोपवाटिकेत राबलेल्या किती पोरांना मी असेच दोन ओळींत वाटेला लावले होते!

सोमवारी एक पोरगा दाखल्यासाठी आला. म्हटले, "बस बाबा. काय काय काम केलेस, ते आधी सांग."